प्रत्येक पानावर श्री

मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. आमचं घर कळंबच्या रस्त्यावर. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे पाहुणे आमच्याकडून जेवण मागवतात आणि काय मिळेल ते फोनवर विचारतात. फोन वाजला की मी चुलीकडे पळते. म्हणून सुनेनं ठरवलं, इंटरनेटवर प्रत्येक पदार्थाचं पान करायचं. लोक वाचतील, मेसेज करतील, मला बोलावं लागणार नाही. एवढ्याच आशेनं मी चौथी शिकलेली बाई लॅपटॉपपुढे बसले.

सून मोहोपाड्याला नोकरीला, दिवसभर घरी नसते. तिनं लिहायच्या खिडकीत एक स्क्रिप्ट, म्हणजे मशिनला द्यायच्या सूचना, करून ठेवली. मी साधं लिहायचं, जिन्नसाआधी चांदणीचं (*) चिन्ह घालायचं, बटण दाबायचं. पहिली ओळ पानाचं नाव होणार, चांदणीवाल्या ओळींची यादी होणार. ऐकायला सोपं. पण चांदणीपुढे जागा सोडली नाही तर यादी होत नाही, आणि मधे रिकामी ओळ राहिली नाही तर बिरडं आणि भाकरी एकाच ओळीत चिकटतात. त्यापेक्षा पोळीत पुरण भरणं परवडलं.

कशीबशी पानं झाली आणि शनिवारी फोन थांबेना. सगळ्यांचा एकच प्रश्न, श्री म्हणजे काय? मी बघितलं. पोपटी, बिरडं, घावणे, पदार्थ कुठलाही असो, सगळ्या पानांचं नाव श्री. कुठलाही कागद मी वर श्री घातल्याशिवाय सुरू करत नाही, किराण्याची चिठ्ठीसुद्धा. मशिननं तीच पहिली ओळ धरली. एकानं विचारलं, श्रीमध्ये काय काय येतं? मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

"अगं, आता देवाची पण ऑर्डर घ्यायला लागलीस?" नवरा म्हणाला.

संध्याकाळी सुनेनं सांगितलं, श्री काढून टाका. मी काढला. पण श्रीशिवाय पुढे एक अक्षर लिहवेना.

"मी नाय काढणार. तुज्या मशिनला सांग."

"काय सांगू आई? आमच्या सासूबाईंचा नियम हाय म्हणून?"

"हां, तसंच सांग."

दमून आलेली ती, पुटपुटत बसली. पहिली ओळ श्री असेल तर ती सोडून दे, असं तिनं स्क्रिप्टमध्ये घातलं. आधी मशिननं श्रीबरोबर नावही सोडलं आणि बिरड्याच्या पानाचं नाव झालं 'दोन भाकऱ्या'. मग जमलं. पण पानावर श्री कुठेच दिसेना, म्हणून मी परत कुरकुरले. ती म्हणाली, तुमच्या लिहिण्यात आहे ना तो, मग झालं.

पुढच्या शनिवारी फोन वाजला नाही. मेसेज आले, घावणे, बिरडं, नावानिशी. एकानं लिहिलं, तिखटाचं विचारायचं आहे, फोन करू का? मी हात पुसले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "नको. इथंच विचारा."

त्यानं तिथंच विचारलं.