शोभाताईंच्या नावातला ह

मंडळी, मी बोलतेय आणि नात पूजा टाईप करतेय. मला अक्षर येत न्हाई, तवा चुका तिच्या.

आमचे हे अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवर शोभा नावाच्या एका ताईंचे वडील. दोघं म्हातारे नर्सबाईची नक्कल करून लई हसायचे. ताईंनी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. म्हणाल्या, "आजी, माझा नंबर बदलणार आहे. ईमेल करा, मी पाठवते." मी पत्ता तोंडपाठ केला. नंतर हे गेले. यांचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई.

आज सकाळी पूजा ईमेल करायला बसली. "आजी, पत्त्यात शोभा का शोबा? इंग्रजीत भ ला एक ह जास्तीचा लागतो."

"आमच्या तोंडात ह टिकतो व्हय गं? आमी, तुमी करत ह गिळूनच म्हातारे झालो."

मग दोन्ही पत्त्यांवर धाडलं. "नमस्कार. मी आजी बोलतेय. आपण दवाखान्यातल्या शोभाताईच ना? नसाल तर त्रासाबद्दल माफी असावी." एवढं गोड मी यांच्याशीसुद्धा कधी बोलले न्हाई.

दुपारी एक ईमेल तसंच परत आलं. दुसऱ्यावर उत्तर आलं, "त्या मी नव्हे, आजी. सापडू देत तुम्हाला."

आता त्या सापडतील असं वाटत न्हाई. अन् फोन भरला की लोक आधी असलं रेकॉर्डिंगच पुसतात. तुमीही पुसत असाल. पुसण्याआधी एकदा ऐकाल का? कुणाचा तरी म्हातारा हसत असंल त्यात.