लिंबापासून सात पावले

मंडळी, आज पारनेरजवळच्या एका चर्चमध्ये जुनी दफनवही वाचून आलो. संस्कृतवाल्याला मोडी येतेच, असा तिथल्या पाळकांचा समज. सुदैवाने मला थोडी येते.

ऐंशीच्या सुशीलामावशींना आईच्या कबरीवर नावाचा दगड बसवायचा होता. त्या पाळण्यात असतानाच आई गेलेली. नोंद सापडली: ‘लिंबापासून पूर्वेस सात पावले.’

“लिंब कुठाय?” मी विचारलं.

“त्या कोपऱ्यात कुठंतरी होता. कंपाउंड बांधताना तोडला,” पाळक पुटपुटले.

आत्मा अमर असतो हे ऐकून होतो. लिहिणाऱ्याने झाडही अमर धरलं होतं.

मावशींनी त्या कोपऱ्यातल्या बिननावाच्या कबरींकडे पाहिलं. “ऱ्हाऊ द्या दगड. समद्यांवर फुलं टाकते. आई काय भांडायची न्हाई.”

तुमच्या गावच्या नोंदींतली झाडं उभी आहेत का हो?