रजईवालीचे बोळे

रजईवालीचा अर्धा जन्म रजया शिवण्यात गेला आणि उरलेला भोकं बुजवण्यात. ती जिथून आली तिथे वर्षातले सात महिने श्वास सोडला की तोंडापुढे धूर दिसायचा. थंडी उंबऱ्याशी आली की गावातली प्रत्येक बाई घरातली फट न् फट चिंध्या-कापसाच्या बोळ्यांनी बंद करायची. हिचे बोळे असे बसायचे की उन्हं परतल्यावर ते काढायला पक्कड लागायची. "वारा शिरला की त्याच्या शेपटाला धरून दुखणं शिरतं," असं तिचा बाप म्हणायचा. आणि ते खरंच शिरलं. एका हिवाळ्यात नवरा छाती धरून बसला तो उठलाच नाही. त्यानंतर बोळे आणखी घट्ट झाले.

मुलाला खालच्या गरम मुलखात बर्फाच्या कारखान्यात काम लागलं. बायकोही त्यानं तिथलीच केली. नात झाली तशी आई कापसाची दोन पोती, सुया आणि खडू घेऊन कायमची आली. शेजारचा म्हातारा गवंडी, ज्यानं मुलगा राहायचा ते घर बांधलं होतं, तो पोती बघून म्हणाला, "मावशी, मुलगा बर्फ करतो, तुम्ही रजया करणार. अख्ख्या गल्लीला सर्दी करून सोडाल की!"

"तुम्हाला पहिली फुकट देईन," रजईवाली म्हणाली. "म्हातारपणी हाडं कुरकुरतात."

पण उकाड्यापेक्षा तिला छळलं ते इथल्या बिऱ्हाडकरूंनी. साखरेच्या डब्याला मुंग्यांची दाढी. चपलेत गोम. दिव्याभोवती पंख टाकून मरणारे किडे, आणि त्यांच्यावर टपलेली, अंगठ्याएवढ्या डोक्याची पाल. ती केरसुणी घेऊन धावली की सून पाळण्याची दोरी ओढता ओढता हसायची.

"राहू द्या आई तिला. किडे खाते."

"आणि तिला कोण खातं?"

"येतं कुणीतरी, आणि जातं. आपण वाटेत उभं नाही राहायचं."

हे येणंजाणं रजईवालीला मानवेना. घराच्या भिंती दुहेरी होत्या, मध्ये पोकळी, आणि जमिनीलगत आत-बाहेर चार-चार बोटांची भोकं. गवंड्यानं ती वारा खेळायला ठेवलेली. पोकळीत उंदीर धावायचे, तो आवाज ऐकत ती पडून राहायची. गावाकडे थंडी सुरू होण्याचा महिना आला. इथे त्या महिन्यातही घाम निथळत होता, पण हाताला कुठं कळतं? तिनं चिंध्या फाडल्या, कापूस पिंजला आणि दोन दिवसांत आतली सगळी भोकं बुजवून टाकली. प्रत्येक भोकात हातभर लांब कापूस, तोंडाशी चिंधीची गाठ.

सून म्हणाली, "आई, ही भोकं इथं बुजवत नाहीत."

"मग तुमच्याकडं काय, वाऱ्याला पाट मांडतात? मी तुझ्या नवऱ्याला असाच वाढवला."

महिन्याभरात उंदरांची धावाधाव थांबली. भिंती गप्प झाल्या. रजईवाली दोन दिवस मिरवली. "बघ! एक उंदीर ऐकू येतोय?"

सुनेनं भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. "उंदीर आपण होऊन घर सोडत नाहीत, आई," ती एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं ठमीला जमिनीवर निजवणं बंद केलं.

ठमी म्हणजे नात. सात महिन्यांची, गालांच्या ओझ्यानं मान कलणारी. तिच्यासाठी आजीनं एक छोटी रजई केली होती, अंगावर घ्यायची नव्हे, अंगाखाली घालायची. पाळणा काय, जमीन काय, त्या रजईशिवाय ठमी डोळा मिटत नसे. रजईवालीच्या धंद्यात एक रीत होती. रजईची वीतभर कड शेवटपर्यंत उघडी ठेवायची, टाकेसुद्धा तिथवर न्यायचे नाहीत. गिऱ्हाईक येणार, आत हात घालून कापूस चाचपणार, मगच शेवटची शिवण. ठमीच्या रजईची कडही तशीच उघडी होती. "माझं गिऱ्हाईक मोठं होईल, कापूस बघेल, मग शिवीन," आजी म्हणायची.

दुसऱ्या महिन्यात पाळण्याखालचा बोळा एका सकाळी जमिनीवर पडलेला मिळाला. ती मुलावर खेकसली, "पाय लागला असेल तुझा. रेड्यासारखा चालतोस." बोळा पुन्हा ठोकून बसवला. आठवड्यानं तो पुन्हा बाहेर. तिनं दुप्पट कापूस घातला, लाटण्यानं दाबला. हाताला वाटलं, आतून कुणीतरी हलकंसं परत दाबतंय. कापूस फुगतोच, तिनं स्वतःला सांगितलं.

तिसऱ्यांदा बोळा पडला तेव्हा त्याच्या शेजारी पाळण्याच्या पायाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. पातळ, कोरडं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तिनं खेचलं. ते येतच राहिलं, येतच राहिलं. पुरुषभर लांब कात.

सुनेनं ती बघितली. आरडाओरडा केला नाही. पाळण्यातून ठमीला उचललं, तशीच अनवाणी निघाली आणि शेजारी गवंड्याच्या घरात जाऊन बसली.

गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला. कात उन्हात धरून बघितली.

"विषारी आहे का हो?" मुलानं विचारलं.

"कातीवर नाव-पत्ता नसतो, बाबा." मग त्यानं एकेका भोकातला बोळा बघितला आणि डोक्याला हात लावला. "मावशी, मी भोकं ठेवली ती नुसत्या वाऱ्याला नाही. बाहेरून जे शिरतं ते घरातून होऊन दुसऱ्या बाजूनं निघून जातं. चाळीस वर्षं जात आलंय. तुम्ही आतली तोंडं बांधलीत. भिंतीची रजई केलीत तुम्ही. उबदार, मऊ, आणि उंदरांनी भरलेली."

रजईवालीनं पाळणा भिंतीपासून ओढून बाजूला केला.

पाळण्यामागच्या दोन विटा त्यानं काढल्या. आत तिचाच कापूस होता, पण तिनं ठासला तसा नव्हे. वाटीसारखा गोल दाबलेला, नीटनेटका; एखाद्या कसबी हातानं बसवावा तसा. वाटीत अंडी. पांढरी, चामड्यासारखी, लांबट.

"बापरे," मुलगा मागे सरला.

"घाबरू नको," गवंडी म्हणाला. त्यानं छिन्नीच्या टोकानं एक उलटलं. मग दुसरं. मग सगळी. त्याचा आवाज उतरला. "भरलेली असती तर घाबरायचं नव्हतं."

नऊच्या नऊ रिकामी होती. प्रत्येकाला ब्लेडनं मारावी तशी चीर.

"किती दिवस झाले असतील?"

"टरफलं अजून ओली आहेत." गवंड्यानं उघड्या भोकाकडे बघितलं, मग पाळण्याकडे, मग रजईवालीकडे बघायचं टाळलं. "आई काय, वाट करून निघून गेली असेल. पण पिल्लं लांब जात नाहीत लगेच. अंधार, ऊब बघतात. एकेक भांडं, एकेक कपडा झटका. हात घालू नका कशात."

मुलगा काठी घेऊन स्वयंपाकघरात गेला. भांडी पालथी पडू लागली. एक पिल्लू पोळपाटाखाली मिळालं, पेन्सिलीएवढं, फणा काढायला निघालेलं. गवंड्यानं ते डब्यात कोंडलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आता पत्ता कळला." दुसरं चपलेत मिळालं. तिसरं नळाच्या मोरीत. दुपारपर्यंत आठ झाली.

शेजारून ठमीचं रडणं येत होतं, तासभर सलग. सुनेनं खिडकीतून हाक मारली. सकाळपासून ती सासूशी पहिल्यांदाच बोलत होती.

"आई, ती झोपत नाही हो. तिची रजई द्या ना तेवढी."

रजईवालीला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून होईल. पाळण्यातली रजई काठीच्या टोकानं उचलून तिनं दारात आणली, दोन्ही बाजूंनी झटकली. काही पडलं नाही. चौकोनी घडी घालून छातीशी धरली आणि उन्हातून गवंड्याच्या घराकडे निघाली. सून ठमीला कडेवर घेऊन दारात उभी होती. आजीच्या हातातली रजई बघून ठमीचं रडं थांबलं. तिनं दोन्ही हात पुढे केले.

चालता चालता रजईवालीचा तळवा सवयीनं रजईवरून फिरला. चाळीस वर्षं तो असाच फिरत आला होता. कापसात कुठं गाठ राहिली का ते बघत. हिच्या हातच्या रजईत गाठ राहत नाही, असं लोक म्हणायचे.

कडेजवळ, जिथवर टाके नेलेले नव्हते तिथे, गाठ होती. बोटभर.

ती थांबली. तळवा तिथंच ठेवला.

गाठ सरकली.

काल रात्रभर ठमी याच रजईवर निजली होती. रजईवालीनं डाव्या हातानं ती वीतभर उघडी कड गोळा केली आणि मुठीत आवळली. एवढी, की नखं तळव्यात रुतली. आतून कुणीतरी हलकंसं परत दाबलं. तो दाब तिच्या ओळखीचा होता.

"आणा ना, आई," सून म्हणाली. ठमीचे हात अजून पुढेच होते.

"तिला आत ने," रजईवाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "दार लाव. आणि खिडकीतून गवंडीमामांना हाक मार, म्हणावं, डबा घेऊन या. मी इथंच उभी आहे. मूठ सोडत नाही."