जयराम पगारे यांची दुनळी

जयराम पगारे सातपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच नाद उरला, तो जुन्या बंदुकांचा. आयुष्यात त्यांनी पाखरावरसुद्धा बार टाकला नव्हता. आवड होती ती कारागिरीची. वडील सैन्यातून परतल्यावर त्यांनी घेतलेली एकनळी वारसाने आली होती. नक्षीदार दस्त्याची दुनळी जयरामसरांनी स्वतः हौसेने घेतली. तिसरी रायफल नेमबाजीच्या सरावाची. तिन्हींचे परवाने चोख होते.

बाहेर मात्र ते याबद्दल अवाक्षर काढत नसत. निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत, तेव्हाही चादरीत गुंडाळून रिक्षाने नेत. शेजाऱ्यांना वाटे, सर गादी भरायला निघालेत.

मग कायदा बदलला. एका माणसाकडे दोनच बंदुका राहतील, तिसरी सोडावी लागेल, असं ठरलं. वडिलांची एकनळी सोडवेना, दुनळीवर जीव जडलेला. शेवटी त्यांनी रायफल परवानाधारक दुकानदाराच्या हवाली केली.

एका रविवारी लेक संजना आणि जावई राकेश आले होते. राकेशने फारच गळ घातली म्हणून सरांनी दुनळी काढून दाखवली. त्याच्या हातात मोबाइल होता. सरांना वाटलं, नातीचे, सृष्टीचे फोटो काढतोय. राकेशने अभिमानाने सगळ्याचा व्हिडिओ केला आणि घरी जाऊन इंटरनेटवर टाकला. त्यात फाटकावरची नावाची पाटी होती, बंदूक होती, ती ज्यात ठेवत ते लोखंडी कपाटही होतं. सरांना कळलं तेव्हा तो कुठल्या कुठे पोचला होता. राकेशने तो काढून टाकला, पण लोकांनी तो पुढे पाठवलेलाच होता.

थोड्याच दिवसांत पगारे मंडळी येवल्याला लग्नाला गेली. परतली तर कपाट कापलेलं. एकनळी दुरुस्तीला दिली होती म्हणून वाचली. दुनळी गेली. सरांनी तडक ठाणं गाठून तक्रार दिली. पुढे त्यांनाच नोटीस आली. हत्यार नीट सांभाळलं नाही, परवाना रद्द का करू नये? पुरावा म्हणून तोच व्हिडिओ जोडलेला. योगिनी नावाच्या वकीलबाई म्हणाल्या, चित्रीकरण तुमच्या नकळत झालं, कपाट नियमाप्रमाणे होतं, आपण लढू.

सर लढणार होते. पण मनमाडच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर दरोडा पडला, गोटीराम नावाचा कामगार आडवा आला आणि जागीच गेला. चोर पकडले गेले. त्यांच्याकडच्या बंदुकीवरचा नंबर सरांच्या दुनळीशी जुळला.

लताबाईंनी नवऱ्याला खूप विनवलं, पण सर गोटीरामच्या गावी गेलेच. त्याची बायको नवसाबाई ओट्यावर कांदे निवडत होती. सरांनी आपण कोण ते सांगितलं. आपण शिकार करत नाही, बंदूक नुसती जपून ठेवली होती, हेही सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मारायची नव्हती, तर घरात कशापायी ठेवली व्हती, सर?"

तिने आतून पाणी आणून दिलं. ते त्यांना पिववेना.

परतताना एसटीत एकच विचार मनात घोळत राहिला. तेव्हा रायफलीऐवजी दुनळी सोडली असती तर?

त्यांनी वकीलबाईंना थांबायला सांगितलं. दुकानातून वडिलांची एकनळी आणून स्वतःच ठाण्यात जमा केली. परत मिळावी म्हणून अर्ज करता येतो, असं तिथल्या हवालदाराने सांगितलं. सर मान हलवून नको म्हणाले.

राकेशला ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचाच त्याला जास्त त्रास झाला असावा. संजनाला फाटकाशी सोडून तो बाहेरूनच मोटारसायकल वळवू लागला. असे कित्येक महिने गेले. एकदा सरच फाटकापर्यंत गेले.

"राकेशराव, चहा घेऊन जा."

राकेश आत आला. काढून टाकलेल्या कपाटाची जागा भिंतीवर वेगळ्या रंगात दिसत होती, तिच्याकडे पाठ करून तो बसला. लताबाईंनी चहा आणला. सरांनी पहिला कप उचलून राकेशच्या हातात दिला.