पुसलेली कॅसेट

इथे आखातात, कुरुम भागातल्या कॅफेत काल तीच गिटार वाजली आणि माझं डोकं सणकलं.

त्या रॉक बँडचा शेवटचा कार्यक्रम मी तरुणपणी बरक्याच्या, म्हणजे कामगारांच्या बराकीच्या, खोलीत रेडिओवरून टेप केला होता. कॅसेटच्या पाठची प्लास्टिकची पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. नेमकी तीच मोडायची मी विसरलो. पुढच्या शुक्रवारी कॅसेट लावली, तर गर्दीच्या गलक्यानंतर गिटारऐवजी माझ्या खोलीतल्या इक्बालचा आवाज आला, "आये, मी बरा हाय." रत्नागिरीत त्याच्या आईला वाचता येत नसे, म्हणून तो पत्रं कॅसेटवर बोलून पाठवायचा.

"नुसती बोंबाबोंब होती रे. मला वाटलं, कॅसेट बिघडलीय," तो म्हणाला.

"गाढवा, असा बँड पुन्हा होणार नाही!" मी ओरडलो आणि त्याच्यासमोर सगळी फीत उपसून तोडून टाकली. तो तुकडे गोळा करत बसला.

तो कार्यक्रम आता कुणाच्याही फोनवर फुकट वाजतो. इक्बालची आई मात्र पुढची कॅसेट पोचायच्या आतच गेली.

मी वेटरवर खेकसलो, "खलास! बंद करो ये!"