मागे घ्यायची विद्या

मदिनत खलीफातल्या त्या बंगल्याच्या अंगणात गुरुवारी सकाळी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, आणि जहूर मुकादम करक चहाचा पेला हातात तसाच धरून त्यांच्याभोवती फिरत राहिला. चहा निवला तरी त्याला भान नव्हतं.

मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप त्यानं कतारमध्ये आल्यापासून हजारो पाहिल्या होत्या. पण या दोघी त्या जातीतल्या थोरल्या. एक पांढरी, एक काळी. दोन्ही अमेरिकन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि तिकडे म्हणे अख्खी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकीचीच असतात, दुसरीला उंबऱ्यापाशी उभं करत नाहीत. बॉनेट जहूरच्या छातीला लागत होतं. काळीचं दार उघडलं तर खालून एक पायरी आपणहून बाहेर आली, नव्या सुनेनं पाहुण्यापुढे पाट सरकवावा तशी. जहूरनं दार लावलं, पायरी आत गेली. पुन्हा उघडलं, पुन्हा आली. असं त्यानं चार वेळा केलं. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, तीस वर्षं ड्रायव्हर, पण चांगल्या गाडीपुढे त्याचं वय गळून पडायचं ते पडायचंच.

या घरात जहूरचं नाव होतं ते एका विद्येसाठी. ट्रेलर मागे घ्यायची विद्या. गाडीला ट्रेलर जोडला की मागे जाताना सगळं उलटं होतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि भलेभले ड्रायव्हर तिथे घामाघूम होतात. जहूर आला तेव्हा नुसता हमाल होता. वाळवंटातल्या तळावर मालकाचे तीन ड्रायव्हर उंटाचा ट्रेलर कुंपणाच्या फाटकाला लावू बघत होते आणि ट्रेलर काही सरळ जाईना. जहूर म्हणाला, मी बघू का. एका दमात लावला. त्याचा बाप दाभोळच्या खाडीत तांडेल होता. नावेचं सुकाणू डावीकडे ढकललं की नाव उजवीकडे वळते हे जहूर दुधाचे दात पडायच्या आधी शिकला होता. त्याला यात नवल वाटलं नाही. बाकीच्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हमालाचा ड्रायव्हर झाला.

मालक म्हणजे बू राशिद. त्यांना घरातली नोकरमंडळी सगळी बाबा म्हणत. आता अठ्ठ्याहत्तरचे, आणि सहा वर्षांपूर्वी साखरेनं त्यांची नजर नेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण हिवाळा लागला की वाळवंटात तळ पडलाच पाहिजे आणि वसमी तिथे आलीच पाहिजे. वसमी ही त्यांची म्हातारी उंटीण. ती कधी शर्यत जिंकली नव्हती, दूधही आटलं होतं, पण बाबांच्या हातचा खजूर तिला नि तिचा श्वास बाबांना लागायचा. हा लवाजमा ओढणारी जुनी गाडी यंदा थकली म्हणून ह्या दोघी दिवसभर चालवून बघायला आणल्या होत्या.

थोरला मुलगा राशिद पांढरीच्या बाजूचा, धाकटा नासर काळीच्या. गाड्या यायच्या आधी दोघे आठवडाभर मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भांडले. घोडदळाच्या दोन सरदारांनी भांडावं तसे भांडले, आणि दोघांनीही आयुष्यात कधी ट्रेलर मागे घेतला नव्हता. शेवटी बाबांनी कॉफीचा फिंजान, तो बिनकानाचा छोटा पेला, हलवला, म्हणजे पुरे. तिथे फिंजान हलवला की ओतणारा थांबतो, बाबांच्या घरात बोलणारेही थांबायचे.

"जहूर दोन्ही चालवेल," ते म्हणाले. "वसमीला घेऊन. तो म्हणेल ती."

एखाद्याला हा केवढा मान वाटला असता. जहूरला तो नकोसा झाला, कारण त्याची मान वळत नव्हती. दोन वर्षं झाली होती. डावीकडे थोडी, उजवीकडे जवळजवळ नाहीच. ट्रेलर मागे घ्यायचा म्हणजे डाव्या हातात स्टिअरिंग, उजवा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर आणि तोंड पूर्ण मागे. तसंच तो अठ्ठावीस वर्षं करत आला होता. गेले दोन हिवाळे नुसत्या आरशांवर भागवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारी बसणाऱ्या बाबांना दिसत नव्हतं, आणि बाकी कुणी शेजारी बसत नव्हतं.

शुक्रवारी तो अल मुंतझाला मुलीकडे जेवायला गेला. हिबा इस्पितळात नर्स. तांदळाच्या भाकऱ्या नि सुरमईचं कालवण पोटभर जेवून झाल्यावर तिनं बापाच्या मानेला बाम चोळायला घेतला. नातू हारिस बाजूला मोबाइलवर त्याच दोन गाड्या बघत होता आणि आजोबांना इंग्रजीत त्यांची ताकद वाचून दाखवत होता.

"काळ्या गाडीत एक बटण हाय म्हणे," जहूर म्हणाला. "गोल. फिरवलं की ट्रेलर त्या बाजूला जातो. स्टिअरिंग गाडीच फिरवते. मागं बघायला लागत नाय."

"मग तीच घ्यायला सांगा. काम झालं."

"आणि मग माझं काम काय राह्यलं? बटण तर हारिसपण फिरवील."

हिबाचा हात थांबला. "अब्बा, तळावर ट्रेलरच्या मागं पोरं खेळत असतात ना?"

पोरं खेळत असायची. बाबांची सगळ्यात धाकटी नात गेल्या हिवाळ्यात कुंपणाच्या फाटकाला लोंबकळत होती, आणि ती त्याला आरशात दिसली नव्हती. बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं ब्रेक दाबला. ही गोष्ट त्यानं हिबालाही सांगितली नव्हती. रात्री नमाजला उभा राहिला की आठवायची.

शनिवारी पहाटेच निघाले. आधी पांढरी. शेजारी बाबा, हातात फिंजान, मागे ट्रेलरमध्ये वसमी. राशिद नि नासर काळीतून मागून. जहूरनं सवयीनं गालात लवंग धरली. सीलाईनच्या पुढे डांबर संपतं तिथे सगळे थांबतात तसे थांबले आणि टायरांतली हवा कमी केली, म्हणजे वाळूत रुतत नाही. मग पांढरीनं वाळूत पाय घातला, आणि काय सांगावं. चौदा हात उंचीची टेकडी समोरून आली आणि पांढरी ती चढली. आवाज असा, की बरगड्यांत घुमला. माथ्यावर पोचल्यावर एका बाजूला वाळूच वाळू, दुसऱ्या बाजूला निळं पाणी वाळूत घुसलेलं. तीस वर्षं बघूनही जहूरला दर वेळी वाटायचं की अल्लानं इथे दोन वेगवेगळे मुलूख घाईत एकमेकांना शिवून टाकलेत. त्याच्या अंगावर काटा आला.

"पोचलो माथ्यावर," बाबा म्हणाले. वाऱ्यावरून त्यांना कळायचं. फिंजानातला थेंब सांडला नव्हता.

तळाची जागा अजून रिकामी होती, पण कुंपण उभंच होतं; त्याच्या फाटकापाशी जहूरनं पांढरी मागे घेतली, आरशांवर. पहिल्यांदा ट्रेलर तिरका गेला. पुढे घेऊन पुन्हा. तिसऱ्या खेपेला लागला. "खलास, बाबा," तो म्हणाला, म्हणजे झालं, लागला. राशिद खूश होता, कारण टेकडीवरचा आवाज त्यानं ऐकला होता.

मग सगळे परत टेकडीच्या पायथ्याशी आले आणि ट्रेलर वसमीसकट काळीला जोडला. काळी गाजावाजा न करता चढली, तीच टेकडी, तोच माथा, आणि फिंजान पुन्हा भरलेला तसाच. इथपर्यंत दोघी बरोबरीच्या. फाटकापाशी नासरनं खिडकीतून हात घालून ते गोल बटण दाखवलं आणि मागे जाऊन उभा राहिला. समोरच्या पोळपाटाएवढ्या पडद्यावर ट्रेलरची मागची बाजू दिसत होती. फाटक, फाटकाची कडी, कडीला बांधलेली निळी दोरी, सगळं. एक मांजर मागून गेलं तर तेही दिसलं आणि गाडीनं घंटी वाजवली. जहूरनं दोन बोटांनी बटण किंचित फिरवलं आणि हळूच मागे जाऊ लागला. स्टिअरिंग त्याच्या समोर आपोआप फिरू लागलं. डावीकडे, थोडं उजवीकडे, परत डावीकडे. अगदी त्याचा हात फिरायचा तसं.

त्याचे डोळे भरून आले. भीती कमी होती त्यात, नवलच जास्त होतं. कुठे दाभोळची खाडी, कुठे बापानं सुकाणूवर आपल्या हातावर हात ठेवून शिकवलेली उलटी चाल, आणि ती चाल कुणीतरी सातासमुद्रापार लोखंडाला शिकवली होती. नीट शिकवली होती. ट्रेलर एका दमात फाटकाला लागला, मध्ये चार बोटं जागा. वसमी खाली उतरली आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं रवंथ करू लागली.

"बोल," दिवसापुरत्या ठोकलेल्या तंबूत बसल्यावर बाबा म्हणाले. दोन्ही मुलगे समोर.

पांढरी म्हणावं, हे जहूरच्या जिभेवर आलं होतं. कुणी खोटं म्हणालं नसतं. टेकडीवर ती वाघीण होती. पण त्याला फाटकाला लोंबकळणारी पोर आठवली.

"काळी," तो म्हणाला. "ओढायला दोघी सारख्या, बाबा. पण काळीला मागचं दिसतं. मला दिसत नाही. माझी मान वळत नाही, दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही. गेल्या साली तुमची नात फाटकावर होती, ती मला दिसली नव्हती."

मग नासर म्हणाला, रागानं नाही, हिशेबानंच, "मग काळी तर कुणीही चालवेल."

"कुणीही," जहूर म्हणाला. ते त्यानं कालच हिबापाशी कबूल करून ठेवलं होतं.

बाबांनी हात पुढे करून हवेत चाचपला, जहूरचा खांदा सापडला तिथे ठेवला. "तू मागे वळायचास," ते म्हणाले, "तेव्हा तुझं तोंड माझ्या कानाशी यायचं. खलास म्हणायचास आणि लवंगेचा वास यायचा. दोन हिवाळे झाले, तुझं खलास समोरून येतं. काचेवर आदळून येतं. मी आंधळा आहे, जहूर. बहिरा नाही."

जहूरची मान खाली गेली. तेवढी मात्र जात होती.

"आणि नातीचं?" त्यानं विचारलं.

"ती हाक मीच मारली होती. त्या दिवशी मी आधीच उतरून फाटकाजवळ बसलो होतो. फाटक करकरलं, ते मला ऐकू आलं."

राशिदनं बापाकडे बघितलं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तोच बोलेल म्हणून थांबलो. यंदा नसता बोलला तर त्याला मानानं घरी पाठवलं असतं, त्याच्या गावी." बाबांनी फिंजान हलवला. "काळी घ्या. गाडी कुणीही मागे घेईल. पण मी शेजारी कुणाच्या बसायचं, ते मी ठरवणार."

काळी आली. नोव्हेंबरात तळ पडला. पहिल्या दिवशी जहूरनं दोन बोटांनी बटण फिरवत ट्रेलर फाटकाला लावला, पडद्यावर पोरं दूर असल्याचं दोनदा बघून घेतलं आणि गाडी बंद केली. मागे बघायची गरजच नव्हती. मग त्यानं पट्टा सोडला, उजवा हात बाबांच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि मान वळेना म्हणून कंबरेपासून अख्खा वळला. कळ थेट पाठीत उतरली.

"खलास, बाबा," तो त्यांच्या कानाशी म्हणाला.

म्हाताऱ्यानं लवंगेचा वास छातीत भरून घेतला, आणि उतरण्यासाठी दाराची मूठ शोधू लागला.