आईचं ‘हूं’

गोष्ट सांगताना समोरून ‘हूं’ आलं पाहिजे, नाहीतर सांगणाऱ्यानं तोंड मिटून बसावं, असा आमच्या घरात नियम आहे. नियम आईचा. शिराळ्याकडच्या तिच्या माहेरी कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांतला एकजण हूं म्हणायचं काम अंगावर घ्यायचा. वडील गेल्यापासून आमच्या घरात आम्ही दोघीच, त्यामुळं कामाची वाटणी सोपी होती. सांगणार मी, हूं म्हणणार ती.

मी सांगायचे त्या गोष्टी मात्र शिराळ्याच्या नव्हेत. मला वेड आहे ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचं. जादू, ड्रॅगन, परग्रहाकडं निघालेली यानं, आणि एखादी सोळा वर्षांची पोरगी, जिच्या डोक्यावर अख्खं राज्य वाचवायचं ओझं. माझी तिशी उलटून गेली तरी हे वेड जात नाही आणि जावं असं मला वाटतही नाही. सांगलीत एका क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवते. तासगावाहून रोज एसटीनं जाऊन-येऊन असते, आणि खिडकीची जागा मिळाली की पुस्तक काढते. शेजारची बाई हमखास विचारते, परीक्षा हाय का कसली? मी हो म्हणून मोकळी होते. ती उतरते तो कुमठे फाटा ड्रॅगन समजावून सांगण्याइतका लांब नाही.

या पुस्तकांवर मी ब्लॉग लिहिते. इंग्रजीतून. वाचक बोटांवर मोजण्याइतके, पण चिकट. कोण पुण्याचं, कोण बंगळूरचं, कुणाचा चेहरा मी पाहिलेला नाही. ‘तुमची नजर फार नेमकी आहे’ असं त्यांतलं कुणी ना कुणी दर लेखाखाली लिहायचं, आणि मी आभार मानायचे. ती नजर कुणाची होती ते मी कधी सांगितलं नाही.

आई बेदाण्याच्या शेडवर जाते. दिवसभर खाली मान घालून काड्या, कचरा आणि काळे मणी वेगळे काढायचे. संध्याकाळी घरी आली की भाकरी थापताना तिला काहीतरी निराळं ऐकायला हवं असायचं. मालिकांतल्या सासवांना ती विटली होती. मग मी पाटावर बसायचे आणि एसटीत वाचलेलं तिला मराठीत सांगायचे. तिच्या हूंचे प्रकार होते. साधं हूं म्हणजे ऐकतेय. लांबलेलं म्हणजे मला हे पटलेलं नाही. आणि शेवटाला वर गेलेलं म्हणजे आता प्रश्न येणार, सांभाळ.

एका पुस्तकात एक यान तीनशे वर्षं अवकाशातून चाललेलं होतं. माणसं आतच जन्मतात, आतच मरतात. आईनं भाकरी उलटली.

“माती न्हाई म्हंतीस तितं. मग मेलेली मान्सं ठेवत्यात कुटं?”

“लेखिकेनं लिहिलेलं नाही गं.”

“आसं कसं? पयलं त्येच सुचाय पायजे की तिला.”

दुसऱ्या दिवशी एसटीत बसून मी त्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि हा प्रश्न त्यात घातला. अर्थात माझा म्हणून. त्या लेखाची फार वाहवा झाली.

तिला फसवायची सोय नव्हती. एकदा कंटाळा आला म्हणून मी लढाईचं अख्खं प्रकरण गाळलं आणि नायिकेच्या मैत्रिणीला थेट मेजवानीत आणून बसवलं. आई म्हणाली, “थांब. तिचा पाय मोडला हुता नव्हं? मग चालत कशी आली?” मला मुकाट्यानं मागं जाऊन लढाई सांगावी लागली.

आणि मग ते ड्रॅगनचं पुस्तक आलं. शेवटी ती पोरगी ड्रॅगनच्या पोटात भाला खुपसते आणि गाव वाचवते. मला वाचताना काटा आला होता, त्यामुळं मी जोरात सांगत होते. मध्येच लक्षात आलं की हूं बंद झालंय.

“सापच की त्यो, पंख फुटल्याला,” आई म्हणाली. “सापाला आमी भाऊ मानतो. त्येच्यासाठी उपास धरतो. पंचमीला इळीला हात लावत न्हाई, तवा चढवत न्हाई. आन् ह्या पोरीनं भावाच्या पोटात भाला घातला?”

“आई, तो माणसं खात होता.”

“मग त्येला इचारायचं की, का खातुयास म्हणून. कुनी इचारलं का?”

चारशे पानांत कुणीच विचारलं नव्हतं. मलाही वाचताना ते खटकलं नव्हतं. त्या दिवशी आईनं मला शेवट सांगू दिला नाही. ‘ऱ्हाऊ दे त्यो’ म्हणाली आणि चूल आवरली.

त्या पुस्तकावर इतकं चांगलं बोललेलं मी आजवर कुठंही वाचलेलं नाही. मी ते सरळ लिहायला हवं होतं, तिचं म्हणून. त्याऐवजी मी हुशारी केली. पहिल्यांदाच मराठीत लिहिलं आणि गमतीचा लेख केला. नाव दिलं ‘आमच्या आईचा ड्रागण’. तिची बोली जशीच्या तशी उचलली, आणि जिथं हसू येईना तिथं पदरचं घातलं. आई ड्रॅगनला वाटीतून दूध पाजायला निघाली आहे, त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावते आहे, असलं काहीबाही. शेवटचं वाक्य होतं, ‘तिला त्यातलं कळत काही नाही, पण विचारायची हौस दांडगी.’ ते लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते, हे मला चांगलं आठवतंय.

लेख पसरला. फोनवरून फोनवर गेला, माझं नाव गळालं तरी पुढं जात राहिला. ओळखीपाळखी नसलेली माणसं लिहायला लागली, आईचे अजून किस्से येऊ द्या. मग मी काय केलं? संध्याकाळी गोष्ट सांगताना ओढणीखाली मोबाईल धरून आईचं बोलणं टिपायला लागले. तिनं बोलावं म्हणून मुद्दाम वेडेवाकडे प्रसंग काढायला लागले. “काय करतीस गं खाली मान घालून?” तिनं एकदा विचारलं. क्लासच्या पोरींचे मेसेज आहेत, मी म्हटलं. असे आणखी तीन लेख मी लिहिले.

कडेगावला मावसबहिणीचा साखरपुडा होता. जेवणं झाली, बायका हॉलच्या एका कोपऱ्यात सतरंजीवर बसल्या, आणि माझा ब्लॉग ठाऊक असलेल्या मावशीच्या सुनेनं मोबाईल काढून आईला म्हटलं, “आवं मावशी, तुमचा ड्रागण लय गाजतोय. वाचू का?” आईनं माझ्याकडं बघितलं. मी हसले.

ती सून वाचायला हुशार. आईचा आवाज काढून वाचलं तिनं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. दुधाच्या वाटीला तर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेवटचं वाक्य पुन्हा वाचायची फर्माईश झाली आणि ते दोनदा वाचलं गेलं. आईही हसत होती, तोंडाला पदर लावून. मी तो फोन हिसकावून घ्यायला हवा होता. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि खरं सांगायचं तर एवढी माणसं माझं लिहिलेलं ऐकतायत याचं मला आत कुठंतरी बरं वाटत होतं. ती लाज अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

परत येताना विट्यापर्यंत आई खिडकीबाहेर बघत बसली. विट्याच्या स्टँडवर तासगावच्या गाडीची वाट बघताना तिनं विचारलं,

“त्ये दूध पाजायचं मी कवा म्हनले हुते?”

“तू म्हणाली नव्हतीस. गमतीसाठी घातलं मी.”

“व्हय का.” मग पिशवी मांडीवर घेत, “बरं झालं. मान्सं हसली.”

घरी पोचल्यावर मी ते सगळे लेख काढून टाकले. काढून काय उपयोग, लोकांच्या फोनमध्ये ते होतेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखी पाटावर बसून नवीन गोष्ट काढली. आईनं हूं म्हटलं. पुन्हा हूं म्हटलं. साधं, सरळ, एकाच लांबीचं. मला वाटलं दमली असेल. आठवडा गेला, पुस्तक संपलं, आणि तिनं एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

मी म्हटलं, “आई, तू विचारत का नाहीस काही?”

“मला कुटं कळतंय गं त्यातलं,” ती म्हणाली.

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. भांडायला आम्ही दोघी कुणाला ऐकत नाही, आणि भांडून झालं की चहा करतो. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ती म्हणाली. माझं वाक्य तिनं खरं मानलं होतं. शिकलेल्या लेकीनं विचार करून लिहिलंय म्हणजे तसंच असणार. मी तिला हजारदा सांगितलं की ते खोटं होतं, मूर्खपणा होता. ती म्हणाली, “आसू दे की, त्यात काय एवडं.”

ब्लॉग अजून चालू आहे. मध्ये एका जुन्या वाचकानं लिहिलं की हल्ली पूर्वीची धार दिसत नाही. मी त्याचे आभार मानले.

परवाची गोष्ट. आई भाकऱ्या थापत होती, मी पाटावर होते. गोष्टीतल्या पोरीचा बाप तिसऱ्या प्रकरणातच मेलेला. त्याला जाळल्याचं, तिच्या रडण्याचं सगळं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी मुद्दाम म्हटलं, “एवढ्यात दार वाजलं. तिनं उघडलं तर दारात तिचा बाप उभा.”

“हूं,” आई म्हणाली.

मी तिच्या हातांकडं बघत राहिले. पीठ परातीत गोल गोल फिरत होतं. मग मी पुस्तकात मान घातली आणि त्याच आवाजात, जसं पुढचं पानच वाचतेय, तसं सांगायला लागले.

“मग ती पोरगी घरी आली. तिनं आपल्या आईचं बोलणं चोरून नेलं होतं आणि लोकांपुढं हसायला टाकलं होतं. ती आईला म्हणाली, आई, तुला सगळं कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माझं चुकलं.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“हूं,” म्हणाली.

मी थांबले. आता ती वर बघेल, थांब म्हणेल, ही पोरगी कोण म्हणून विचारेल, असं वाटून वाट बघत राहिले. तिनं भाकरी उलटली आणि दुसरा उंडा हातात घेतला. मी काहीच बोलत नव्हते, तरी थोड्या वेळानं तिचं आणखी एक हूं आलं.